उभे जंगल कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आपल्या अभ्यासवर्गात शेतमालाचे भाव, असंघटित कामगार, सहकाराची अवस्था हे विषय नेहमीचेच आहेत. त्यांच्या पंक्तीत 'उष्ण कटिबंधातील वर्षावने' हा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. झाडे, पाखरे, श्वापदे हा पोट भरलेल्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. ज्याला सांजच्या भाकरीची भ्रांत आहे त्याच्या पक्षाने त्यात वेळ का दवडावा, ही शंका आपल्या चळवळीत जुनी आहे. उलट, निसर्गप्रेमी म्हणवणाऱ्या मंडळींत दुसरी एक समजूत तितकीच घट्ट रुजलेली आहे. जंगलाचा खरा शत्रू जंगलात राहणारा गरीब माणूस. त्याला बाहेर काढावे, भोवती कुंपण घालावे, म्हणजे जंगल वाचले, असे ही मंडळी मानतात. वरवर पाहता या दोन समजुती एकमेकींच्या विरुद्ध आहेत. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. जंगल वेगळे आणि कष्टकरी वेगळा, हे दोन्हींनी गृहीत धरले आहे.

हे गृहीतक किती पोकळ आहे, हे ज्यांनी आपल्या रक्ताने सिद्ध केले त्या ब्राझीलमधील रबर कामगारांची हकीकत आज मी तुम्हांला सांगणार आहे. ॲमेझॉनच्या पश्चिम टोकाला, बोलिव्हिया आणि पेरू यांच्या सीमांना भिडलेल्या आक्रे राज्यात शापुरी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे २२ डिसेंबर १९८८ च्या संध्याकाळी चिको मेंडेस या कामगार पुढाऱ्याचा त्यांच्या राहत्या घरी गोळी घालून खून झाला. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांचा उल्लेख 'पर्यावरणवादी' असा केला. तो चुकीचा नव्हता. पण अपुरा होता. मेंडेस आधी रबर कामगार होते, मग संघटनेचे कार्यकर्ते झाले, मग कामगार पक्षाच्या उभारणीत उतरले; आणि या तिन्ही नात्यांनी ते जंगलाचे राखणदार ठरले. जंगल राखण्यासाठी त्यांनी कामगार चळवळ बाजूला ठेवली नाही. ती त्यांनी नेटाने चालवली, म्हणून जंगल वाचले. माझ्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

जंगल कशावर जगते?

लढा समजून घ्यायचा तर आधी जंगल समजून घेतले पाहिजे. ॲमेझॉनचे वर्षावन आठ देश आणि फ्रेंच गयाना एवढ्या प्रदेशात पसरलेले आहे. त्याचा विस्तार साठ लाख चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या भारताच्या जवळजवळ दुप्पट. यातला सुमारे साठ टक्के भाग एकट्या ब्राझीलमध्ये येतो. एवढी घनदाट वनश्री ज्या भूमीवर उभी आहे ती अतिशय सुपीक असली पाहिजे, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. तेथील बहुतेक जमीन निकस आहे. लक्षावधी वर्षांच्या पावसाने तिच्यातील क्षार धुऊन नेले आहेत. जंगलाची श्रीमंती जमिनीत नाही. ती झाडांच्या देहात आहे. गळालेले पान, पडलेले खोड, मेलेला किडा ओलाव्यात आणि उष्म्यात झपाट्याने कुजतो. वरच्या थरात पसरलेली मुळे आणि त्यांना जोडलेल्या बुरशीचे तंतू ते अन्न वाया जाऊ न देता पुन्हा झाडाकडे पोचवतात. भांडवल सारखे फिरते आहे, साठा मात्र जवळजवळ नाही, असा हा व्यवहार आहे. झाडे तोडून जाळली की राखेच्या जोरावर दोन-तीन पिके येतात, काही वर्षे गवत माजते. त्यानंतर जमीन थकते आणि जमीनदार पुढचे जंगल तोडायला निघतो.

पावसाची गोष्टही अशीच आहे. ब्राझीलमधील शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्याची तपासणी करून दाखवून दिले की, ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचा सुमारे निम्मा भाग जंगलाच्याच उच्छ्वासातून पुन्हा आकाशात गेलेला असतो. समुद्रावरून आलेली वाफ पावसाच्या रूपाने पडते, झाडे ती मुळांनी शोषून पानांवाटे परत हवेत सोडतात, आणि तोच ओलावा आणखी पश्चिमेला जाऊन पुन्हा बरसतो. पुढे अँडीज पर्वताला अडून तो दक्षिणेकडे वळतो आणि ब्राझीलच्या दक्षिणेकडील शेतीला आणि नगरांना पाणी पुरवतो. याचा अर्थ असा की, पावसामुळे जंगल आहे हे अर्धेच सत्य आहे. जंगलामुळे पाऊस आहे हे उरलेले अर्धे.

आता त्या जंगलातील दोन झाडे पाहू. आपल्या पुढील विवेचनाला त्यांची गरज आहे. पहिले रबराचे. रबराचा वृक्ष मूळचा याच खोऱ्यातला. जंगलात तो एकेकटा, विखुरलेला वाढतो. त्याच्या पानांवर पडणारी एक बुरशी तेथे वास्तव्याला आहे. झाडे दूर दूर असली तर तिचा फारसा फैलाव होत नाही, पण ओळीने लावली तर ती बागच्या बाग फस्त करते. मोटारींचा सम्राट हेन्री फोर्ड याने १९२७ साली तापाजोस नदीकाठी प्रचंड जमीन मिळवून रबराची लागवड आरंभली. गाव वसवले, कारखाने उभारले, वक्तशीरपणाच्या भोंग्यावर मजूर राबवले. बुरशीने त्या साऱ्याचा निकाल लावला, आणि १९४५ साली ती मालमत्ता कवडीमोलाने ब्राझील सरकारला परत गेली. ॲमेझॉनमध्ये रबर मिळवायचे तर जंगल जसेच्या तसे उभे ठेवूनच मिळवावे लागते.

दुसरे झाड ब्राझील नटाचे. दीडशे फुटांपर्यंत उंच जाणारा हा वृक्ष. त्याच्या फुलाची घट्ट मिटलेली टोपी उचलण्याचे बळ काही मोठ्या मधमाश्यांनाच असते, आणि त्या माश्या जंगलावाचून जगत नाहीत. नारळाएवढे टणक फळ खाली पडले की ते फोडण्याची ताकद अगूटी नावाच्या सशाएवढ्या प्राण्याच्या दातांत असते. तो काही बिया खातो, काही पुरून ठेवतो आणि विसरतो. त्या विसरलेल्या बियांतून नवी झाडे उगवतात. ब्राझीलच्या कायद्याने हे झाड तोडण्यास मनाई आहे. म्हणून आजूबाजूचे सारे रान जाळून कुरण केले तरी जमीनदार ब्राझील नटाचे झाड तेवढे उभे ठेवतो. कायदा पाळला जातो. पण माशी गेलेली असते, अगूटी गेलेला असतो, आगीची झळ लागलेली असते. असे झाड क्वचितच फळते, त्याच्या खाली नवे रोप उगवत नाही, आणि कालांतराने ते उभ्या उभ्या वाळते. हे एकाकी झाड आपण ध्यानात ठेवू.

कर्जाच्या पाशातील माणूस

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांना रबराची भूक लागली आणि ॲमेझॉनच्या या विखुरलेल्या झाडांना सोन्याचे मोल आले. रबर काढायला माणसे हवी होती. १८७७ पासून ब्राझीलच्या ईशान्येकडील सेआरा प्रांतात भीषण दुष्काळ पडला होता; तेथील भुकेकंगाल शेतकरी बोटीत भरून आक्रेच्या रानात आणले गेले. त्यांना सेरिंगेइरो म्हणत. मालक त्यांना प्रवासखर्च, बंदूक, मीठ, कापड उधारीवर देई, भाव आपल्या मर्जीने लावी, आणि त्याची फेड रबराच्या रूपाने करून घेई. हिशेब मालकाच्या वहीत. मजुराला शेती करण्याची मनाई, कारण तो धान्य पिकवू लागला तर दुकानात येणार नाही. शाळेची मनाई, कारण तो वाचू लागला तर वही वाचेल. वेठबिगारीची आणि सावकारीची ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

या भरभराटीला दृष्ट लागली तीही परकीय भांडवलाचीच. १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती उद्यानात नेल्या. त्यांतून उगवलेली रोपे सिलोन-मलायाकडे गेली. आशियात ती बुरशी नव्हती. तेथे ओळीने लावलेले रबर फोफावले आणि १९१३ च्या सुमारास मळ्यांतील रबराने रानातील रबराला मागे टाकले. ॲमेझॉनचे मालक कंगाल झाले, मजूर मात्र रानातच अडकून राहिले. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतल्यावर अमेरिकेला पुन्हा ॲमेझॉन आठवले. 'रबराचे सैनिक' या नावाने पन्नास हजारांहून अधिक गरीब माणसे पुन्हा त्या रानात धाडण्यात आली. त्यांतील हजारो रोगराईला आणि उपासमारीला बळी पडली. युद्ध संपले आणि सरकार या सैनिकांना विसरले. त्यांना निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला तो १९८८ च्या राज्यघटनेने, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर.

चिको मेंडेस यांचा जन्म १५ डिसेंबर १९४४ चा, अशाच एका रबर कामगाराच्या झोपडीतला. लहानपणापासून ते बापाबरोबर पहाटे दिवा घेऊन रानवाट तुडवू लागले. त्यांना अक्षरओळख करून दिली ती युक्लिदेस ताव्होरा या भूमिगत कम्युनिस्टाने. उठावात भाग घेतल्यामुळे हा मनुष्य रानात दडून राहिला होता. जुन्या वर्तमानपत्रांवर वाचन, आणि रात्री रेडिओवर मॉस्को, लंडन आणि वॉशिंग्टन अशा तिन्ही केंद्रांच्या बातम्या ऐकून त्यांतील सत्य पारखणे, अशी ती शाळा होती. संघटनेवाचून सुटका नाही, हा धडा मेंडेस यांनी तेथेच गिरवला.

लष्कर, रस्ता आणि गुरे

१९६४ साली ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. ईशान्येकडील भूमिहीनांना जमीन द्यायची तर तेथील बड्या जमीनदारांना हात लावावा लागला असता. तो लावायचा नव्हता. म्हणून राज्यकर्त्यांनी रिकाम्या ॲमेझॉनकडे बोट दाखवले. माणसांवाचून पडलेली भूमी भूमीवाचून राहिलेल्या माणसांना, अशी घोषणा देऊन १९७० साली ॲमेझॉन भेदून जाणाऱ्या महामार्गाची आखणी झाली. ती भूमी रिकामी नव्हती. तेथे मूळनिवासी होते, रबर कामगार होते, नदीकाठचे कोळी होते. पण सरकारच्या नकाशावर ते नव्हते. १९६६ पासून करसवलती आणि स्वस्त कर्जे यांचा वर्षाव सुरू झाला होताच. त्याचा लाभ दक्षिणेकडच्या भांडवलदारांनी आणि पशुपालक जमीनदारांनी उठवला. कायद्यातही एक गोम होती. जंगल तोडणे ही जमिनीची 'सुधारणा' समजली जाई आणि ताब्याचा पुरावा म्हणून ती धरली जाई. जो राखतो त्याच्या हाती काही नाही; जो जाळतो त्याच्या हाती मालकीचा कागद! जंगलतोडीचे मूळ गरिबाच्या कुऱ्हाडीत शोधणाऱ्यांनी हा कायदा आणि ही कर्जे आधी वाचावीत.

१९७० च्या दशकात आक्रेमधील दिवाळखोर रबरमालकांनी आपले रान या पशुपालकांना विकले. त्यांना रबर नको होते, कुरण हवे होते. झोपड्या पेटवून, गुंड घालून रबर कामगारांना हुसकावणे सुरू झाले. अनेकजण सीमा ओलांडून बोलिव्हियात गेले, अनेकजण रिओ ब्रांको या राजधानीच्या झोपडपट्टीत जाऊन पडले. उरलेल्यांनी संघटना बांधली. ब्राझिलेया येथे १९७५ मध्ये आणि शापुरी येथे १९७७ मध्ये ग्रामीण कामगारांच्या संघटना उभ्या राहिल्या.

एम्पाते

या संघटनांनी १९७६ पासून जो मार्ग चोखाळला त्याला ते 'एम्पाते' म्हणत. या शब्दाचा अर्थ बरोबरी, किंवा पुढे सरकू न देणारी कोंडी. जंगल तोडायला मजुरांची टोळी आल्याची बातमी लागली की रानोरानचे रबर कामगार बायकामुलांसह एकत्र निघत. स्त्रिया आणि मुले पुढे असत. ते तोडीच्या जागी जाऊन यांत्रिक करवतींपुढे उभे राहत, मजुरांच्या राहुट्या उतरवत, आणि त्यांना माघारी जायला लावत. आपल्याकडच्या सत्याग्रहाची आठवण व्हावी असाच हा प्रतिकार होता.

यातील एक गोष्ट आपण विशेष लक्षात घेतली पाहिजे. करवत चालवणारा मजूर हाही भूमिहीन, पोटासाठी आलेला. रबर कामगारांनी त्याला शत्रू मानले नाही. आधी त्याच्याशी बोलणे, हे रान गेले तर आम्ही तुझ्यासारखेच देशोधडीला लागू आणि मग तुझी मजुरीही पडेल, हे त्याला समजावणे, हा एम्पातेचा गाभा होता. अनेकदा त्या मजुरांनी आपण होऊन काम थांबवले. जंगल वाचवण्याच्या नावाखाली गरिबाला गरिबाविरुद्ध उभे करणाऱ्या साऱ्या योजनांपुढे हे उदाहरण ठेवावेसे वाटते.

किंमत मोठी द्यावी लागली. २१ जुलै १९८० रोजी ब्राझिलेया संघटनेचे अध्यक्ष विल्सन पिन्हेरो यांना संघटनेच्या कार्यालयातच गोळ्या घालण्यात आल्या. खुन्यांना कोणी हात लावला नाही. आठवडा वाट पाहून संतप्त कामगारांनी एका जमीनदाराच्या गुमास्त्याला ठार केले, तेव्हा मात्र पोलिसांना एकाएकी जाग आली. धरपकड झाली, छळ झाला. निषेधसभेत बोललेल्या नेत्यांवर राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली खटले भरले गेले. त्यांत मेंडेस होते, आणि त्याच वर्षी कामगार पक्ष स्थापन करणारे लुला दा सिल्व्हा हेही होते. मेंडेस यांनी स्वतः मांडलेल्या हिशेबाप्रमाणे एकंदर पंचेचाळीस एम्पाते झाले. त्यांपैकी तीस हरले आणि पंधरा जिंकले. पण त्या पंधरांनी बारा लाख हेक्टर रान वाचवले. हरलेल्या तीसांचा आकडा त्यांनी लपवला नाही, हे मला मोलाचे वाटते.

वाटून न घेता येणारी जमीन

आता मी अशा मुद्द्याकडे येतो, जो समाजवाद्यांनी स्वतःला विचारण्याजोगा आहे. 'कसेल त्याची जमीन' ही आपली घोषणा. ब्राझीलमधील डाव्या चळवळीचीही तीच होती. सरकारने तडजोड म्हणून रबर कामगारांना तुकडे पाडून जमिनी देऊ केल्या तेव्हा ती घोषणा अपुरी पडली. रबराची झाडे विखुरलेली असल्यामुळे एका कुटुंबाचा निर्वाह व्हायला साधारण तीनशे हेक्टरांचे रान लागते. त्यात दोन-तीन रानवाटा असतात, प्रत्येक वाटेवर शंभर ते दोनशे झाडे असतात, आणि या वाटा शेजाऱ्यांच्या वाटांत गुंतलेल्या असतात. कोरड्या ऋतूत चीक काढायचा, पावसाळ्यात ब्राझील नट वेचायचे. अशा रानाचे सरळ रेषेत चौकोनी तुकडे पाडले की कोणाच्या वाट्याला झाडे येतात तर कोणाच्या वाट्याला पाणी. तुकडा मिळालेल्या कुटुंबाला मग रान तोडून शेती करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. जमीन चार वर्षांत थकते, आणि तो तुकडा कर्जापायी त्याच जमीनदाराच्या घशात जातो. जेथे कसणे हाच विनाश आहे, तेथे कसणाऱ्याच्या मालकीची कल्पना नव्याने तपासावी लागते.

ऑक्टोबर १९८५ मध्ये राजधानी ब्राझिलियामध्ये रबर कामगारांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. मारी आलेग्रेती या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने तिच्या उभारणीसाठी मोठे कष्ट घेतले. तेथे कामगारांनी स्वतःची मागणी मांडली. मूळनिवासींसाठी जशी राखीव क्षेत्रे आहेत, तशी रानातील उत्पन्नावर जगणाऱ्यांसाठीही राखीव क्षेत्रे हवीत. जमिनीची मालकी राष्ट्राची. उपभोगाचा हक्क तेथे राहणाऱ्या समाजाचा, सामूहिक. ती विकता येणार नाही, तुकडे पाडता येणार नाहीत, आणि रान उभे ठेवण्याची जबाबदारी त्या हक्काबरोबरच येईल. खासगी मालकी नको आणि माणसाला हुसकावणारे सरकारी अभयारण्यही नको, असा हा तिसरा मार्ग विद्यापीठात जन्मला नाही. ज्यांना वाचण्याची बंदी होती त्यांनी तो शोधला.

याच काळात आणखी एक भिंत पडली. पूर्वी मालकांनी रबर कामगारांच्या हाती बंदुका देऊन त्यांना मूळनिवासींच्या कत्तलीसाठी वापरले होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे ते वैर बाजूला ठेवून दोघांनी 'वनवासी जनांची आघाडी' उभारली. आपल्याला लुटणारा एकच आहे, ही ओळख त्यांच्या मैत्रीचा आधार होती.

खून आणि त्यानंतर

१९८७ मध्ये मेंडेस मायामी येथे आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या वार्षिक सभेला गेले. आक्रेकडे येणारा महामार्ग याच बँकेच्या कर्जातून पक्का होत होता. रस्त्यापाठोपाठ तोड येते आणि त्यात माणसे भरडली जातात, हे त्यांनी धनकोंच्या तोंडावर सांगितले. बँकेला कर्जाचे हप्ते रोखावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना सन्मान दिला. घरी मात्र जमीनदारांनी त्यांना विकासाचा शत्रू ठरवले. १९८८ मध्ये काशोएरा येथील रान तोडू पाहणाऱ्या एका पशुपालकाला एम्पातेने अडवले. मारेकरी मागावर आहेत हे मेंडेस यांनी अधिकाऱ्यांना वारंवार कळवले होते. २२ डिसेंबरला दोन पोलीस रक्षक स्वयंपाकघरात बसलेले असताना, अंघोळीसाठी मागच्या दारी पाऊल टाकताच त्यांना गोळी लागली. नुकतीच चव्वेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. १९९० मध्ये तो पशुपालक आणि त्याचा मुलगा यांना प्रत्येकी एकोणीस वर्षांची शिक्षा झाली. १९९३ मध्ये दोघेही तुरुंगातून पळाले आणि १९९६ मध्ये पुन्हा सापडले.

ज्या मागणीसाठी प्राण गेला ती मान्य झाली. १९९० च्या जानेवारीत पहिले असे राखीव क्षेत्र जाहीर झाले आणि मार्चमध्ये शापुरीभोवतीच्या नऊ लाख हेक्टरांहून अधिक रानाला मेंडेस यांचे नाव देऊन संरक्षण मिळाले. २००० च्या कायद्याने ही व्यवस्था कायम केली, आणि केंद्र सरकारच्या अखत्यारीत अशी साठांहून अधिक क्षेत्रे निर्माण झाली. मेंडेस यांच्याबरोबर एम्पातेत उभी राहिलेली, रबर कामगाराच्या घरची, सोळाव्या वर्षी अक्षरे शिकलेली मारिना सिल्व्हा २००३ मध्ये देशाची पर्यावरणमंत्री झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा झाली.

साथींनो, येथे गोष्ट सुखान्त करून थांबणे सोपे आहे. पण ते प्रामाणिक होणार नाही. रान राखले, भाव मात्र राखता आला नाही. मळ्यांतील स्वस्त रबरापुढे रानातले रबर टिकेना. आक्रे राज्याने १९९९ मध्ये मेंडेस यांच्याच नावाचा कायदा करून किलोमागे अनुदान दिले. त्याने काही काळ आधार मिळाला, पण ते पुरले नाही. घरात आजारपण आले, मुलांचे शिक्षण आले, की रोख पैशासाठी गाय हीच बँक ठरली. आज मेंडेस यांच्या नावाच्या क्षेत्रातच गुरे वाढली आहेत आणि ब्राझीलच्या केंद्रीय संरक्षित क्षेत्रांपैकी सर्वाधिक तोड होणाऱ्यांत त्याची गणना होते. एवढ्यावरून 'पाहा, लोकांच्या हाती रान दिले की असेच होते', असे म्हणणारे निघतील. त्यांना माझे उत्तर असे आहे की, लोकांच्या हाती रान दिले गेले, बाजार दिला गेला नाही. उत्पादनाचे साधन सामूहिक आणि विनिमय मात्र व्यापाऱ्याच्या मुठीत, अशी स्थिती कोणत्याही सहकाराला फार काळ पेलत नाही. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

आणि राज्यसत्ता कोणाची, हाही प्रश्न सुटत नाही. ब्राझीलच्या अवकाश संशोधन संस्थेची उपग्रहमोजणी सांगते की, २००४ मध्ये त्या देशातील ॲमेझॉनचे २७,७७२ चौरस किलोमीटर रान एका वर्षात तुटले. पहारा, कर्जबंदी आणि नवी राखीव क्षेत्रे यांमुळे हा आकडा २०१२ मध्ये ४,५७१ वर आला. पुढे पहारा ढिला झाला, २०१९ नंतर तर जाणूनबुजून मोडला गेला, आणि २०२१ मध्ये तोड १३,००० च्या वर गेली. सत्तापालटानंतर ती पुन्हा उतरली आणि २०२५ च्या मोजणीत सहा हजारांच्या खाली आली. जंगलतोड हा लोकसंख्येचा अटळ परिणाम असता, तर एका निवडणुकीने आकडे असे खालीवर झाले नसते.

वेळ मात्र फार उरलेला नाही. ब्राझीलच्या वाट्याच्या ॲमेझॉनपैकी सुमारे एक पंचमांश रान आतापर्यंत गेले आहे. थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये इशारा दिला की, ही घट वीस ते पंचवीस टक्क्यांवर गेली तर पाऊस निर्माण करणारे ते चक्रच मोडू शकेल, आणि मोठ्या भागात वर्षावनाची जागा विरळ माळरान घेईल. २००५, २०१०, २०१५-१६ आणि २०२३-२४ या वर्षी त्या खोऱ्यात मोठे दुष्काळ पडले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार आग्नेय भागातील रान आज जितका कर्बवायू शोषते त्याहून अधिक बाहेर टाकते.

आपल्यासाठी

तुम्ही म्हणाल, हे सारे दूरदेशीचे झाले. आपला काय संबंध? संबंध आहे. विकहॅमच्या बियांचे वंशज आज केरळच्या मळ्यांत आहेत. आणि गेल्या काही वर्षांत आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्गच्या डोंगरांवर सह्याद्रीचे रान तोडून रबराच्या ओळी लागल्या आहेत. त्या पट्ट्यातील वृक्षतोड थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. जे झाड आक्रेमध्ये जंगल उभे राहण्याचे कारण होते, तेच दोडामार्गात जंगल पडण्याचे कारण झाले! दोष झाडाचा नाही. रान कोणाच्या ताब्यात आहे आणि त्यातून कोणाला काय हवे आहे, यावर सारे ठरते.

आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यातील सामूहिक हक्काची कल्पना शापुरीच्या कल्पनेची सख्खी बहीण शोभेल अशी आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये तो हक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या ग्रामसभेच्या हाती आणले. तेथले रान पानझडीचे आहे, वर्षावन नव्हे. पण प्रश्न तोच आहे आणि उत्तरही त्याच दिशेचे आहे. मात्र कायदा झाला म्हणजे काम झाले, या भ्रमात आपण राहू नये. दावे दाखल करणे, ते नाकारले गेले तर भांडणे, मिळालेल्या हक्कावर रानाची निगा राखणारी ग्रामसभा बांधणे, आणि तिच्या मालाला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवणारा सहकार उभा करणे, ही चारही कामे कार्यकर्त्याची आहेत. त्यांतले शेवटचे राहिले तर काय होते, हे आपण शापुरीत पाहिले.

मघाशी सांगितलेल्या त्या एकाकी ब्राझील नटाकडे शेवटी परत येतो. कायद्याने त्याला राखले; पण माशी, अगूटी आणि भोवतीचे रान गेल्यावर त्याला फळ धरले नाही. संघटनेवाचूनचा कायदाही तसाच उभ्या उभ्या वाळतो. चिको मेंडेस आणि त्यांच्या साथींनी जंगलाला त्याची माणसे परत मिळवून दिली आणि त्या माणसांना त्यांची संघटना दिली. ते काम तेथेही पुरे झालेले नाही, येथे तर जेमतेम सुरू झाले आहे. आपल्या जिल्ह्यात परतल्यावर, आपल्या तालुक्यातील रान कोणाच्या नावावर आहे आणि त्यात सकाळी पाऊल ठेवणारा माणूस कोण आहे, एवढे दोनच प्रश्न घेऊन प्रत्येकाने पहिल्या गावी जावे, अशी माझी विनंती आहे.